वर्गखोलीतली माईक-स्पीकर व्यवस्था: निवड, बसवणी आणि जुळवणी

साध्या बोलण्यात शिक्षकाचा आवाज तोंडापासून १ मीटरवर साधारण ६० ते ६५ डेसिबल भरतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की त्यातले ६ डेसिबल जातात. म्हणजे ८ मीटरवरच्या शेवटच्या बाकावर थेट पोहोचणारा आवाज ४२ ते ४७ च्या घरात येतो. भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाची त्यात भर पडते, पण तो बराचसा नुसता घुमारा असतो, त्यातून शब्द कळत नाहीत. पंखे, बाकांची खरखर आणि शेजारचा वर्ग मिळून ५० डेसिबलचा गोंगाट सहज होतो. लहान मुलांना नीट कळायचं तर शिक्षकाचा आवाज या गोंगाटापेक्षा किमान १५ डेसिबलने वर लागतो. अर्धवट ऐकलेला शब्द मोठी माणसं संदर्भावरून पुरा करून घेतात. मुलांचा शब्दसाठा अजून घडत असतो, त्यांना ते जमत नाही.

तेव्हा उद्दिष्ट असं ठेवा: प्रत्येक बाकावर ६५ ते ७० डेसिबल, आणि पहिल्या व शेवटच्या बाकात ३ डेसिबलपेक्षा जास्त फरक नाही. दणदणाट नको आहे. आवाज सगळीकडे सारखा पसरला पाहिजे.

आधी खोली तपासा

रिकाम्या वर्गात मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागे शेपटासारखा आवाज रेंगाळत राहिला, तर स्पीकर घ्यायच्या आधी खोलीवर खर्च करा. घुमणाऱ्या खोलीत ॲम्प्लिफायर लावला की शब्दांबरोबर घुमाराही वाढतो. मग तक्रार येते ती अशी: ‘आवाज मोठा येतो, पण काय म्हणतात ते कळत नाही.’

अमेरिकेतल्या वर्गखोल्यांच्या मानकात (२८३ घनमीटरपर्यंतच्या खोलीसाठी) रिकाम्या वर्गातला गोंगाट ३५ डेसिबल आणि घुमण्याचा काळ (आवाज थांबल्यावर घुमारा विरायला लागणारा वेळ) ०.६ सेकंद अशी कमाल मर्यादा आहे. सगळीकडे ती गाठता येईलच असं नाही, पण किती शोषक पृष्ठभाग लागेल याचा हिशेब तिच्यावरून करता येतो. सूत्र सोपं आहे: घनफळाला ०.१६१ ने गुणा आणि हव्या त्या सेकंदांनी भागा. ९ × ७ × ३.२ मीटरची खोली सुमारे २०२ घनमीटर भरते. ०.६ सेकंदासाठी तिला ५४ चौरस मीटरइतकं शोषण लागतं, म्हणजे सगळा आवाज गिळणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतकं. तीच खोली सध्या १.२ सेकंद घुमत असेल, तर तिच्यात २७ चौरस मीटर शोषण आधीच आहे आणि तितकीच भर घालायची आहे. ५० मिलिमीटर जाडीचे, कापडाने मढवलेले काचलोकरीचे फलक बोलण्याच्या पट्टीत साधारण ८० टक्के आवाज शोषतात. म्हणजे सुमारे ३४ चौरस मीटर फलक लागतील. यात बसलेल्या मुलांचा वाटा धरला तर आकडा बराच खाली येतो.

फलक मागची भिंत आणि छत यांवर आधी लावा. फळ्याच्या भिंतीवर ते वाया जातात. अंड्यांचे पुठ्ठे चिकटवून काही साधत नाही, ते फक्त अगदी वरचे सूर थोडे खातात आणि वर आग पकडतात. पातळ पडद्यांचंही तसंच. जाड कापडाचे, भरपूर चुण्या घातलेले आणि भिंतीपासून १० सेंटिमीटर सोडून टांगलेले पडदे मात्र उपयोगी पडतात. गोंगाटाच्या बाबतीत सगळ्यात स्वस्त कामं म्हणजे खडखडणारा पंखा दुरुस्त करणं, बाकांच्या पायांना रबरी टोप्या बसवणं आणि दाराखालची फट बंद करणं.

माईक: पैसे इथे घाला

स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला की शिट्टी येते. ती येण्याआधी किती आवाज मिळतो, हे सर्वांत जास्त माईक आणि तोंड यांच्यातल्या अंतरावर ठरतं. अंतर निम्मं केलं की माईकला ६ डेसिबल जास्त आवाज मिळतो, आणि तेवढाच वाव वाढतो. कॉलर माईक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर असतो, हेडसेट माईक ओठांच्या कोपऱ्यापासून २ ते ३ सेंटिमीटरवर. हा फरक १५ डेसिबलच्या आसपास जातो. दुसरी कुठलीही महागडी यंत्रणा इतका फायदा देत नाही.

कॉलर माईकची आणखी एक खोड आहे. शिक्षक फळ्याकडे वळून लिहिता लिहिता बोलू लागले की तोंड माईकपासून दूर जातं आणि आवाज पडतो. ओढणी, पदर किंवा गळ्यातली साखळी त्यावर घासते ती वेगळीच. हेडसेट डोक्याबरोबर फिरतो, त्यामुळे हे प्रश्न येत नाहीत. त्याचा माईक ओठांच्या समोर नको, कोपऱ्याला थोडा बाजूला ठेवा, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ ला श्वासाचे फटके बसतात. हेडसेट नकोच असेल तर गळ्यात अडकवायचा माईक घ्या आणि दोरी आखूड ठेवा. मुलांनी उत्तरं देताना फिरवायला एक हातातला माईक असला तर वर्गाला मुलांचंही बोलणं ऐकू येतं. त्याचं बटण मूल बोलेल तेवढाच वेळ चालू ठेवा. दोन माईक एकदम चालू राहिले की शिट्टीआधीचा वाव ३ डेसिबलने घटतो.

बिनतारी जोडणीचे प्रकार बरेच आहेत. इन्फ्रारेड किरणं भिंतीपलीकडे जात नाहीत, त्यामुळे दहा वर्गांत दहा संच असले तरी एकमेकांत मिसळत नाहीत. मात्र रिसीव्हरवर थेट ऊन आलं तर ते अडखळतात. यूएचएफ पट्ट्यातल्या रेडिओ लहरी भिंत ओलांडतात, म्हणून प्रत्येक वर्गाला वेगळी फ्रिक्वेन्सी द्यावी लागते आणि तिची नोंद एका तक्त्यावर ठेवावी लागते. शिवाय कुठल्या पट्ट्यात परवानगी आहे ते देशागणिक बदलतं, म्हणून खरेदीआधी बघा. २.४ गिगाहर्ट्झचे संच वायफायच्या गर्दीत तुटक होतात. साधा ब्लूटूथ स्पीकर या कामाचा नाही. त्यात आवाज बहुधा १०० मिलिसेकंदांहून उशिरा निघतो, आणि शिक्षकाचा खरा आवाज व स्पीकरचा आवाज वेगवेगळे ऐकू येतात. बोलणाऱ्याचीही जीभ अडखळते. सगळ्या साखळीचा मिळून उशीर २५ मिलिसेकंदांच्या आत हवा.

स्पीकर कुठे लावायचे

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे फळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे डबे. शिक्षक त्यांच्यापुढूनच फिरतात, स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू. ती टाळायला आवाज कमी केला की मागचे बाक पुन्हा कोरडे. पुढच्या बाकांवरच्या मुलांचे कान मात्र बधिर.

चार छोटे स्पीकर छतात, मुलांच्या डोक्यावर, हा बहुतेक खोल्यांना चालणारा उपाय. छत ३ मीटर आणि बसलेल्या मुलाचा कान १.१ मीटरवर असेल, तर मधलं अंतर १.९ मीटर. ९० अंशांत आवाज फेकणारा स्पीकर कानाच्या उंचीवर ३.८ मीटर व्यासाचं वर्तुळ भरतो. बाकांचा भाग ७ × ६ मीटर धरला तर दोन ओळींत दोन-दोन पुरतात. वर्तुळांच्या बाहेर राहणाऱ्या कोपऱ्यांत बाक नसतील असं बघा. पुढचे दोन स्पीकर पहिल्या-दुसऱ्या बाकाच्या मधोमध घ्या. फळ्याजवळची शिक्षकाची जागा त्यांच्या वर्तुळाबाहेर राहिली पाहिजे. माहितीपत्रकात लिहिलेल्या १८० अंशांवर जाऊ नका. तो आकडा बहुधा खालच्या सुरांचा असतो. ४ किलोहर्ट्झचा कोन विचारा, कारण ‘स’, ‘श’, ‘त’, ‘ट’ ओळखू येतात ते तिथल्या आसपासच्या सुरांमुळे.

छत ४ मीटरहून उंच किंवा पत्र्याचं असेल, तर बाजूच्या भिंतींवर २ ते २.५ मीटर उंचीवर स्पीकर लावून ते बाकांकडे झुकवा. फार घुमणाऱ्या खोलीत उभा स्तंभ-स्पीकर बरा पडतो. तो आवाज आडवा रुंद फेकतो, वर-खाली कमी, त्यामुळे छत आणि फरशीवर आदळणारा भाग घटतो.

वॉटच्या मागे लागू नका. १ वॉटला १ मीटरवर ८८ डेसिबल देणारा स्पीकर २ मीटरवर ८२ देतो. आपल्याला हवेत ७०, आणि बोलण्यातले चढउतार धरून वर १२ ते १५ ची मोकळीक. एकूण २० ते ३० वॉटचा ॲम्प्लिफायर एका वर्गाला भरपूर झाला. २०० वॉटचा लावला तर त्याचा फॅनच गोंगाटात भर घालेल.

वायरिंग

४ स्पीकर ८ ओहमचे असतील तर सगळे समांतर जोडू नका. एकूण २ ओहम होतात आणि ॲम्प्लिफायर तापून बंद पडतो. दोन-दोन एकापाठोपाठ एक (सिरीजमध्ये) जोडून त्या दोन जोड्या समांतर करा, म्हणजे पुन्हा ८ ओहम येतात. १५ मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. १०० व्होल्टची लाइन, म्हणजे प्रत्येक स्पीकरला ट्रान्सफॉर्मर लावून केलेली जोडणी, अनेक खोल्यांना एकच ॲम्प्लिफायर असेल तेव्हा कामाची. त्या लाइनवर ट्रान्सफॉर्मरशिवाय साधा ८ ओहमचा स्पीकर चुकूनही जोडू नका.

प्लस-मायनस तपासल्याशिवाय स्पीकर छतात चढवू नका. एक जरी उलटा लागला तर दोन स्पीकरच्या मधल्या बाकांवर आवाज पातळ आणि पोकळ येतो, आणि कारण शोधायला पुन्हा शिडी लागते. जाळी काढून दोन टोकांना क्षणभर पेन्सिल सेल लावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तेव्हा पडदा बाहेर यायला हवा.

माईक आणि संगणकाच्या वायरी विजेच्या वायरीपासून ३० सेंटिमीटर दूर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. फॉल्स सीलिंगमध्ये स्पीकरचं वजन टाइलवर सोडू नका. प्रत्येकाला वरच्या स्लॅबपर्यंत जाणारी वेगळी सुरक्षा-तार बांधा.

जुळवणी

हे काम मुलं बसलेली असताना करा. रिकाम्या खोलीतलं माप भरलेल्या वर्गात टिकत नाही.

१. सगळे व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. शिक्षकांना नेहमीच्या जोराने बोलायला सांगा आणि माईकचा गेन (माईकमधून येणारा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) इतका वाढवा की जोरात बोलल्यावर पिवळा दिवा लागेल, लाल नाही.

२. १२० ते १५० हर्ट्झच्या खालचे सूर कापणारं बटण चालू करा. बोलण्याचा अर्थ तिथे नसतो, पंख्याची घरघर आणि माईकला बसणारे धक्के असतात.

३. आवाज कोंदट वाटला तर ‘२ ते ४ किलोहर्ट्झ वाढवू’ हा मोह आवरून आधी ३०० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल उतरवा. बहुतेकदा तेवढ्यानेच भागतं.

४. व्हॉल्यूम शिट्टी सुरू होईपर्यंत चढवा आणि तिथून ६ डेसिबल उतरवा. आता माईक लावून वर्गभर फिरा, प्रत्येक स्पीकरखाली थांबा. एखाद्या ठिकाणी शिट्टी आली तर सगळा आवाज उतरवण्याआधी त्याच स्पीकरचा आवाज कमी करता येतो का ते बघा.

५. ध्वनिमापक घेऊन प्रत्येक बाकाशी मोजा. फोनमधलं ॲप आकड्याला अचूक नसलं तरी बाकाबाकांतला फरक दाखवायला चालतं. यंत्रणा चालू आणि बंद यांत मागच्या बाकावर ८ ते १० डेसिबलचा फरक पुरेसा आहे.

६. शेवटी कानांची परीक्षा. मुलांनी खाली बघून ऐकायचं आणि लिहायचं, म्हणजे ओठ वाचता येत नाहीत. शब्द जवळजवळचे निवडा: पाट-बाट, दार-धार, साल-शाल, ताट-थाट, काल-खाल. असे वीस शब्द यंत्रणा बंद ठेवून, मग क्रम बदलून चालू ठेवून वाचा आणि बाकावार चुका मोजा. ‘साल-शाल’ एकाच कोपऱ्यात सतत चुकत असेल, तर तिथवर वरचे सूर पोहोचत नाहीत. स्पीकरची दिशा बदला, आवाज वाढवून ते भरून येत नाही.

काय बिघडतं

‘घूं’ असा सतत आवाज संगणक किंवा प्रोजेक्टर जोडल्यावरच येत असेल, तर अर्थिंग दोन वाटांनी फिरतंय. ऑडिओ वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा ‘उपाय’ जीवघेणा आहे. कर्रकर्र बहुधा हेडसेटच्या वायरीच्या मुळाशी तुटत आलेल्या तारेमुळे येते. ती वायर मानेमागे चिमट्याने अडकवली की जास्त टिकते. आवाज फाटत असेल तर आधी गेन बघा, स्पीकर फार क्वचित दोषी असतो.

बॅटरीने सगळ्यात जास्त तास बुडतात. निकेल-मेटल हायड्राइडचे दोन जोड ठेवा, एक वापरात आणि एक चार्जरवर. चार्ज न होणारे अल्कलाइन सेल त्या चार्जरवर कधीच लावू नका. जुना आणि नवा सेल एका माईकमध्ये मिसळू नका.

शिक्षकांना दोन सवयी लावून घ्याव्या लागतात. एक, मुलाशी खाजगी बोलताना किंवा वर्गाबाहेर जाताना माईक म्यूट करणं. दुसरी जास्त अवघड आहे: ओरडायचं सोडून देणं. माईक असूनही घसा ताणून बोललं तर गेनची सगळी जुळवणी वाया जाते.

वर्गात श्रवणयंत्र वापरणारं मूल असेल तर खोलीतले स्पीकर त्याला पुरत नाहीत. यंत्रणेच्या ऑडिओ आउटपुटमधून त्याच्या व्यक्तिगत ट्रान्समीटरला (श्रवणयंत्राकडे आवाज पाठवणाऱ्या उपकरणाला) जोडणी द्या, म्हणजे शिक्षकांना दोन माईक घालावे लागत नाहीत. जोडल्यावर त्याच्या ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) पातळी तपासून घ्या, कारण खोलीतला आवाज बरोबर असून यंत्रात तो फाटत असू शकतो. हातातला माईक फिरतो तेव्हा त्याचा आवाजही त्या ट्रान्समीटरला जातोय ना, तेही त्याच वेळी ऐकून बघा.