माणसांनी भरलेलं चित्र कसं वाचावं

नावाची पट्टी आधी वाचू नका. पूर्ण चौकट नजरेत मावेल इतकं मागे उभं राहा, मग जवळ जा.

खरी अडचण पुढे आहे. चेहरा दिसला की लगेच गोष्ट सुचते : ही दुःखी, हा तिच्यावर रुसलेला. ती गोष्ट बाजूला ठेवा. ‘निळा म्हणजे उदासी, लाल म्हणजे राग’ असे तक्ते शिकवणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. नाशिकच्या गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात लाल लुगडं रोजचंच, त्याचा रागाशी काय संबंध?

देगा या फ्रेंच चित्रकाराचं ‘अ‍ॅबसिंथ’ (१८७५-७६) बघा; अ‍ॅबसिंथ म्हणजे एक कडक दारू. कॅफेत शेजारी बसलेले दोघं. १८९३ साली लंडनमध्ये ते मांडलं तेव्हा टीकाकारांनी त्यात व्यसनाची कहाणी वाचली, मोठा वाद झाला. प्रत्यक्षात देगाने ओळखीच्या दोघांना बसवलं होतं, एलेन आंद्रे ही अभिनेत्री आणि देबूतँ हा चित्रकार. मग ते इतके एकटे का वाटतात? दोघंही उजवीकडे सरकवलेत, नजरा एकमेकांना भेटत नाहीत, पुढ्यातल्या टेबलांना पायच नाहीत. एकटेपणा मांडणीत आहे.

म्हणून कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात फक्त दिसतं ते : कोण कुणाकडे बघतंय, पाठ कुणाची, दोन माणसांत जागा किती, चौकटीच्या कडेने कोण कापलं गेलंय. हा रकाना भरेपर्यंत ‘वाटतं’ हा शब्द नको. मग दुसऱ्यात वाटतं ते लिहा, आणि प्रत्येक ओळीला पहिल्या रकान्यातला पुरावा जोडा. पुरावा नसेल तर ओळ खोडा, कितीही आवडली असली तरी.

नाशिकच्या चित्रकारांनी घाट जलरंगात भरपूर रंगवलाय. त्यात पांढरं धोतर, पांढरी टोपी बहुतेक वेळा राखलेला कोरा कागद असतो, आणि तो रंग लावण्याआधीच ठरवावा लागतो. गर्दीत पांढरं कुठे राखलंय ते शोधा. चित्रकाराला आधी कोण दाखवायचं होतं ते तिथे कळतं.

गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती (या मूर्तीवरून पुराची पातळी मोजतात) दिसत असेल तर पाणी त्याच्या कुठवर आलंय तेही टिपा. कमरेपर्यंत असेल तर काठावरची माणसं आंघोळीला आलेली नाहीत, पूर बघायला जमली आहेत. सगळ्या चित्राचा अर्थच बदलला.

आता पट्टी वाचा, साल बघा आणि दुसरा रकाना पुन्हा तपासा.