दोरकामासाठी टोच्याचा चाकू कसा निवडावा

एका अंगाला पाते आणि दुसऱ्या अंगाला निमुळता पोलादी टोच्या असलेला घडीचा चाकू मुळात शिडाच्या जहाजांवरील खलाशांचा. नाशिकहून समुद्र दूर असला तरी दोराशी झटणाऱ्यांची येथे वाण नाही. मांडव उभारणारे कारागीर, ढोल ताणणारी पथकातील मुले, गंगापूर धरणावर नावा बांधणारे आणि लासलगावच्या बाजारात कांद्याची ट्रॉली ताडपत्रीखाली आवळून नेणारे शेतकरी या सर्वांना हे हत्यार कामाचे आहे. मात्र चाकू घेताना बहुतेकांची नजर आधी पात्यावर जाते, आणि माझ्या मते निवड तिथेच चुकते. पात्याची धार गेली तर ती पुन्हा लावता येते आणि कापायला घरात दुसरा चाकूही सापडतो. टोच्या आखूड, जाड किंवा सैल निघाला, तर त्याला घरच्या घरी फारसा इलाज नसतो.

टोच्याची कामे मोजकी आहेत. पिळाच्या तिपेडी दोराचे पेड उकलून त्यांत दुसरे पेड गुंफणे, भार येऊन किंवा पावसात भिजून घट्ट बसलेली निरगाठ सैल करणे आणि शॅकलच्या (दोर जोडायच्या, पिनेने बंद होणाऱ्या धातूच्या कडीच्या) पिनेच्या छिद्रात घालून ती पिन फिरवणे, ही त्यांतली मुख्य. ढोलाची दोरी ओढताना एकेक वेढा उचलून धरायलाही तो बोटांपेक्षा बरा, कारण ताणलेल्या नायलॉनखाली नख घातले की बहुधा नखच मोडते. हरिहर किंवा अंजनेरीच्या कड्यांवर चढाईसाठी वापरतात त्या दोराला मात्र बाहेर विणलेले आवरण आणि आत गाभा असतो. त्यात टोच्या खुपसणे म्हणजे दोराची नासाडी. निव्वळ गिर्यारोहण करणाऱ्याने टोच्याच्या फंदात न पडता लहानसा साधा चाकू जवळ बाळगावा, आणि ताणलेल्या दोराजवळ तो उघडताना फार जपावे, कारण भाराखालचा दोर पात्याच्या ओझरत्या स्पर्शानेही तुटू शकतो.

दुकानात जाताना बारा मिलिमीटर जाडीच्या तिपेडी नायलॉन दोराचा वीतभर तुकडा खिशात ठेवावा. रविवार कारंजा किंवा भद्रकालीच्या बाजूला दोर विकणाऱ्यांकडे तो सहज मिळतो. टोच्या दोन पेडांच्या मधल्या खाचेत टेकवून दाबावा आणि दाबतानाच किंचित फिरवावा. टोक सुईसारखे तीक्ष्ण असेल तर ते पेडांच्या मधून न जाता पेडातच घुसते आणि आतले धागे फोडते. टोक अगदीच बोथट असेल तर ते खाचेतून घसरून बाहेर येते, आणि बाहेर येताना दुसऱ्या हाताच्या तळव्याचा वेध घेते. चांगल्या टोच्याचे टोक जरा गोलसर, शक्यतो थोडे चपटे असते आणि तिथून बुडापर्यंत जाडी सावकाश, कुठेही पायरी न पडता वाढत जाते. त्यानंतर त्यावरून कापसाचा बोळा फिरवावा. तंतू कुठे अडकले, तर घासकाम कच्चे राहिले आहे आणि दोराचे धागेही तिथेच अडकणार, हे नक्की समजावे.

टोच्या उघडल्यावर खटक्याने पक्का अडकतो की नुसत्या स्प्रिंगच्या ताणावर उभा राहतो, हे यानंतर पाहावे. गाठ सोडवताना जोर वाकडातिकडा लागतो. खटका नसलेला टोच्या अशा वेळी मिटतो आणि बोटे चिमटतो. टोच्याची पाठ टेबलाच्या कडेवर दाबून, बोटे मिटण्याच्या वाटेतून दूर ठेवून, ही परीक्षा करता येते. आणखी एका गोष्टीकडे दुकानदार सहसा लक्ष वेधत नाहीत: टोच्या वापरात असताना मिटलेले पाते आपल्या मुठीतच असते. म्हणून मिटलेला चाकू पात्याची बाजू खाली करून जोराने झटकून पाहावा. पाते जरासेही बाहेर डोकावले तर तो चाकू परत करावा.

पात्याविषयी थोडक्यात सांगता येईल. धार सरळ, पाठ टोकाशी खाली वळलेली आणि टोक बिनटोचणारे, असे सुमारे साडेसात सेंटिमीटरचे पाते दोरकामाला उत्तम; त्यामुळे हात निसटला तरी शेजारच्या माणसाला भोसकले जाण्याचा धोका कमी राहतो. दातेरी धार नायलॉन आणि प्लॅस्टिकचे दोर झपाट्याने कापते, तर साध्या धारेचा काप स्वच्छ येतो. माझा कौल साध्या धारेला आहे, कारण दातेऱ्या धारेला गोल, निमुळती सिरॅमिक किंवा हिऱ्याची कानस लागते. गल्लीत येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर ते दाते दोन खेपांत सपाट होतात. साधे पातेही चाकावर देऊ नये. घासताना धार निळी पडली, तर त्या जागेचे पाणी उतरले, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, असे समजावे.

पोलाद पारखताना लोहचुंबक लावून ‘चिकटले, म्हणजे स्टेनलेस नाही’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ताटवाट्यांच्या ३०४ स्टेनलेसला चुंबक सहसा चिकटत नाही हे खरे, पण ते पोलाद उष्णताप्रक्रियेने कडक करता येत नाही आणि धार धरत नाही. पात्यासाठीचे ४२० किंवा ४४० जातीचे स्टेनलेस चुंबकाला चिकटतेच. खाऱ्या पाण्यासाठी बनवलेल्या गंजरोधक मिश्रधातूंवर जादा पैसे घालण्याची नाशिककराला गरज नाही. इथे धूळ आणि चिखल सांध्यात बसून खटका निकामी करतात, त्यामुळे आतून धुता येईल अशी उघड्या बांधणीची मूठ पाहावी. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात काम असेल, तर चाकू संध्याकाळी पुसून सांध्यात तेलाचा थेंब सोडावा.

मुठीला दोरी ओवण्याचे कडे असलेच पाहिजे, कारण मांडवाच्या माथ्यावरून निसटलेला चाकू खालच्याच्या डोक्यावर पडतो. ओझरहून विमानाने जाताना तो हातातल्या पिशवीत चालत नाही, चेक-इन सामानातच द्यावा लागतो. सिंहस्थाच्या गर्दीत काम नसताना कमरेला लावून हिंडणेही टाळावे. जाड दोरांचे काम असेल, तर घडीच्या चाकूचा टोच्या अपुराच पडतो. अशा वेळी चाकू साधा घ्यावा आणि सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या लेथवाल्याकडून स्टेनलेसच्या सळईचा हातभर नव्हे, पण वीतभर लांब टोच्या वेगळा घडवून, चकचकीत घासून घ्यावा.