परदेशातील ऑनलाइन शिक्षकांना सणानिमित्त पैसे कसे पाठवावेत

वर्षभर पडद्यावरून मनापासून शिकवणाऱ्या शिक्षकांना सणासुदीला नेहमीच्या फीपेक्षा काही जास्त द्यावे, असे अनेकांना वाटते. शिक्षक दुसऱ्या देशात राहत असतील, तर मात्र हे साधे काम किचकट होते. रक्कम लहान असली, की शुल्क आणि विनिमय दर मिळून तिचा चांगलाच लचका तोडतात. म्हणून आपल्या खात्यातून किती गेले, यापेक्षा त्यांच्या हातात किती पडणार, हे पाहून मार्ग निवडावा.

सर्वप्रथम, ज्या संकेतस्थळामार्फत शिकवणी चालते त्याचे नियम वाचावेत. अशी बरीच संकेतस्थळे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील परस्पर व्यवहारांना मनाई करतात आणि नियम मोडल्यास फटका बहुधा शिक्षकांनाच बसतो. त्यांचे खाते बंद झाले, तर आपली भेट त्यांना फार महागात पडेल. संकेतस्थळावर बक्षिसी देण्याची सोय असल्यास तीच वापरावी. ती नसल्यास ग्राहक साहाय्य विभागाला लेखी विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. काही जण एक जादा तास आरक्षित करून तो न घेता पैसे देतात. ही युक्ती दिसते तितकी चांगली नाही, कारण त्या रकमेतून संकेतस्थळाचे कमिशन वजा होते. उदाहरणार्थ, प्रेप्लीवर शिक्षकांच्या एकूण तासांनुसार 18 ते 33 टक्के कमिशन कापले जाते. शिवाय ऐन सणात त्यांच्या वेळापत्रकातला एक तास विनाकारण अडतो.

परस्पर पैसे पाठवायला हरकत नाही असे ठरल्यावर शिक्षकांनाच विचारावे. हा प्रश्न तास चालू असताना समोरासमोर न विचारता संदेशातून विचारलेला बरा, म्हणजे त्यांना विचार करायला, आणि नको असेल तर संकोच न बाळगता नकार द्यायलाही, अवसर मिळतो. संदेश असा लिहिता येईल: ‘सणानिमित्त आपल्याला एक छोटी भेट पाठवण्याची इच्छा आहे. आपल्याला हरकत नसेल, तर कोणत्या मार्गाने पाठवलेली रक्कम घेणे सोयीचे जाईल, ते कृपया कळवावे.’ किती पाठवू, हे मात्र विचारू नये. त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच शिक्षकाला नीट देता येत नाही. जपानसारख्या देशात सेवेबद्दल बक्षिसी देण्याची रीत नाही. तिथल्या शिक्षकांना पाठवताना ‘टिप’ हा शब्द टाळून ‘सणाची भेट’ म्हणावे.

सण कोणाचा, हेही पाहावे लागते. नाताळ सगळीकडे 25 डिसेंबरलाच असतो असे नाही. सर्बिया आणि जॉर्जियातील ऑर्थोडॉक्स चर्च तो 7 जानेवारीला साजरा करतात, तर युक्रेनने 2023 पासून अधिकृत सुट्टी 25 डिसेंबरवर आणली. ईद इंग्रजी कॅलेंडरनुसार दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकते. चिनी नववर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी या दरम्यान केव्हाही येते. सुट्ट्यांत बँकांचे काम थांबत असल्याने रक्कम निदान आठवडाभर आधी रवाना करावी.

आता प्रत्यक्ष मार्ग. बँकेतून थेट परदेशी बँकेत, म्हणजे स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यामार्फत, पैसे पाठवणे लहान रकमेला सहसा परवडत नाही. पाठवणारी बँक ठरावीक शुल्क घेते, मधली बँक आपला वाटा कापू शकते आणि घेणारी बँकही कधी कधी हात मारते. तरीही हाच मार्ग धरावा लागला, तर अर्जातील शुल्काचा रकाना नीट पाहावा: सगळे शुल्क पाठवणाऱ्याने सोसावे, दोघांनी वाटून घ्यावे की घेणाऱ्याने द्यावे, असे तीन पर्याय त्यात असतात. भेट पाठवताना पहिलाच निवडावा.

परदेशी पैसे पाठवणाऱ्या वाइजसारख्या ऑनलाइन सेवा चलनाचा बाजारातील मधला दर (खरेदी आणि विक्री दरांच्या मधोमधचा) लावतात, आपले शुल्क वेगळे दाखवतात आणि पैसे पाठवण्याआधीच समोरच्याला किती मिळणार तो आकडा सांगतात. घेणाऱ्याचे तिथे खाते असण्याचीही गरज नसते. पेपालमध्ये व्यक्तिगत आणि व्यापारी असे देण्याचे दोन प्रकार आहेत. व्यापारी प्रकारात शुल्क घेणाऱ्याच्या रकमेतून कापले जाते. चलन बदलताना पेपाल दरातच आपला नफा मिसळते, म्हणून ‘शुल्क नाही’ असे लिहिलेले दिसले तरी दर पडताळून पाहावा. कोणतीही सेवा निवडण्यापूर्वी ती दोन्ही देशांत चालते का, याची खात्री करावी. पेपाल तुर्कस्तानात 2016 पासून बंद आहे, तर मार्च 2022 मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल आणि वेस्टर्न युनियन या चौघांनीही रशियातील सेवा थांबवल्या.

तपशील भरताना नावाची चूक सर्वांत सहज होते. शिकवताना वापरलेले सुटसुटीत नाव आणि ओळखपत्रावरील नाव अनेकदा वेगळे असते. वेस्टर्न युनियनच्या काउंटरवरून रोख घ्यायची असेल, तर ओळखपत्रावरचेच नाव जुळावे लागते. खाते क्रमांक हाताने टंकित न करता शिक्षकांच्या संदेशातून उचलून चिकटवावा. आयबॅनमध्ये, म्हणजे अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकात, देशाच्या दोन अक्षरांनंतरचे दोन अंक पडताळणीसाठीच असल्यामुळे एखादा आकडा चुकला, तर ते लगेच लक्षात येते. अमेरिका, कॅनडा, जपान या देशांत आयबॅन वापरात नाही. तिथे दुप्पट काळजी घ्यावी. ‘हेतू’ या रकान्यात ‘भेट’ असे खरे तेच लिहावे आणि परदेशी भेटीबाबत आपल्या देशाचे नियम आधी पाहून घ्यावेत.

भेटकार्ड देण्याचा विचार असेल, तर ते शिक्षकांच्या देशातल्या दुकानाचे घ्यावे. अ‍ॅमेझॉनचे एका देशाच्या संकेतस्थळावर घेतलेले कार्ड दुसऱ्या देशाच्या संकेतस्थळावर चालत नाही.

रक्कम पाठवल्यावर व्यवहार क्रमांक जपून ठेवावा आणि शिक्षकांना दोन ओळी कळवाव्यात, म्हणजे अनोळखी नोंद पाहून ते गोंधळणार नाहीत. ठरलेल्या मुदतीत पैसे पोहोचले नाहीत, तर तो क्रमांक देऊन आपल्याच बँकेकडे किंवा सेवेकडे शोध घेण्याची विनंती करावी. शिक्षकांना त्यांच्या बँकेत हेलपाटे घालायला लावू नये.