टेम्पररी फाइल बनवताय? नाव स्वतः ठरवू नका
पायथनमध्ये टेम्पररी फाइल हवी असेल तर टीएमपी (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये स्वतःच नाव ठरवून फाइल उघडू नका, प्रोग्राम एकाच वेळी दोनदा चालला की दोघं एकाच फाइलीत लिहितात, माझ्या एका रिपोर्टची अशीच वाट लागली होती, अर्ध्या ओळी एकाच्या अर्ध्या दुसऱ्याच्या. सरळ पायथनसोबतच येणारं टेम्पफाइल मॉड्यूल घ्या. त्यातलं नेम्डटेम्पररीफाइल विथ ब्लॉकमध्ये वापरलं की ब्लॉक संपताच फाइल आपोआप डिलीट होते, मधे एरर आली तरी. विंडोजवर मात्र ती उघडी असताना त्याच नावाने परत उघडली तर परमिशन एरर येते, त्यासाठी पायथन 3.12 पासून नेम्डटेम्पररीफाइलला डिलीट ऑन क्लोज हा पर्याय फॉल्स (म्हणजे बंद) करून द्यायची सोय आहे. त्याच मॉड्यूलमधलं एमकेटेम्प तर वापरूच नका, ते नुसतं नाव देतं, फाइल बनवत नाही, तेवढ्यात दुसरा कुठलाही प्रोग्राम त्या नावाची फाइल बनवू शकतो.