दोन मांजरांचं पटत नाही? आधी या चुका टाळा

मारामारी होत नाही, म्हणजे घरातल्या मांजरांचं पटतं, असं बहुतेक जण धरून चालतात. पण मांजरांचं वैर बरेचदा आवाज न करताच चालतं. एक मांजर पॅसेजच्या तोंडाशी ऐसपैस बसतं आणि दुसऱ्याकडे एकटक बघत राहतं. दुसरं आल्या पावली मागे फिरतं. पॅसेजच्या पलीकडे लिटर ट्रे, म्हणजे मांजराने शी-शू करायचा ट्रे, असतो. काही दिवसांनी ते दुसरं मांजर गादीवर शू करतं आणि ओरडा त्यालाच बसतो. खरं तर त्या बिचाऱ्याची वाट अडवलेली असते.

घरच्या मांजराचा पूर्वज म्हणजे एकट्याने शिकार करणारं आफ्रिकी रानमांजर. भांडून झाल्यावर समेट करायचं तंत्र मांजरांकडे जवळजवळ नाहीच; एकमेकांना टाळणं, हाच त्यांचा तंटा मिटवायचा मार्ग. मासळी बाजारासारख्या, खाणं मुबलक असलेल्या जागी मांजरं गटाने राहतात हे खरं. पण असे गट बहुतेक आई, मुली, मावश्या अशा नात्यातल्या भाट्यांचे असतात आणि परक्या मांजराला तिथे सहज शिरकाव नसतो. आपण मात्र दोन अनोळखी मांजरं वन बीएचकेत आणून ठेवतो, जिथे टाळायला जागाच नसते. म्हणून मला ठामपणे वाटतं, की त्यांची मैत्री करून द्यायच्या मागे लागू नये. एकमेकांना टाळता येईल, असं घर करावं. मैत्री व्हायची असेल तर त्यानंतरच होते.

ट्रे आणि वाट्या शेजारी शेजारी ठेवणं

जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, हा हिशोब अनेकांना माहीत असतो. दोन मांजरांना तीन. पण ते तिन्ही ट्रे बाल्कनीत ओळीने मांडले, तर मांजराच्या लेखी ती एकच जागा झाली. दारात बसलेलं एक मांजर तिन्हींवर ताबा ठेवू शकतं. एक बाल्कनीत, एक बाथरूममध्ये, एक बेडरूमच्या कोपऱ्यात, असे ट्रे विखरून ठेवा. झाकणाचा ट्रे भित्र्या मांजराला नको. आत गेल्यावर बाहेर पडायला एकच तोंड असतं आणि तिथेच गाठलं जाण्याची भीती असते.

खाण्याचंही तसंच. दोघं शेजारी शेजारी खातात हे बघून बरं वाटतं, पण ती भुकेपोटी एकमेकांना सहन करत असतात. एकाला ओट्याजवळ, दुसऱ्याला दुसऱ्या खोलीत वाढा. पाणीही दोन-तीन ठिकाणी ठेवा.

जमिनीवर जागा कमी असेल तर उंचीचा वापर करा. कपाटाचा माथा मोकळा करा, भिंतीला दोन फळ्या ठोका, खिडकीच्या ग्रिलमध्ये बाहेरून पक्की जाळी लावून बसायला जागा करा. मात्र वर चढायला एक आणि उतरायला दुसरी वाट हवी, नाहीतर तीच जागा कोंडी होते.

नवीन मांजर थेट हॉलमध्ये सोडणं

‘आपापसात बघून घेतील’ हा सल्ला सगळीकडून मिळतो आणि सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. पहिल्या भेटीत झालेली मारामारी मांजर फार काळ विसरत नाही.

नव्या मांजराला आधी एका बंद खोलीत स्वतंत्र ट्रे, पाणी आणि अंथरूण द्या. मांजराची ओळख वासावर चालते. गालांपाशी गंधग्रंथी असतात, म्हणून ते आपल्या पायांना आणि दाराच्या चौकटीला गाल घासतं. एक मऊ फडका नव्याच्या गालांवरून फिरवून जुन्याच्या जागेजवळ ठेवा आणि जुन्याचा नव्याकडे. वास घेऊन दोघं शांत राहू लागली, की बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्या. फिस्कारणं सुरू झालं तर वाट्या दारापासून मागे सरकवा. त्यानंतर जाळीच्या दारातून नजरानजर आणि अगदी शेवटी, आपल्या देखत, थोडा वेळ एकत्र. याला काही आठवडे लागतात, कधी महिने. वेग ठरवायचा तो जास्त घाबरलेल्या मांजराच्या कलाने.

डॉक्टरकडून परतलेल्या मांजराबाबतही हे लक्षात ठेवा. त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास येतो आणि घरचं मांजर जुन्या सोबत्यावरच फिस्कारतं. काही तास, गरज पडली तर एक दिवस, दोघांना वेगळं ठेवा.

भांडणात हात घालणं

खेळ आणि भांडण यांत फरक आहे. खेळात कधी एक वर, कधी दुसरं. नखं आत, आवाज फारसा नाही. कान मागे चपटे, शेपूट फुललेली, गुरगुर आणि नंतर एकजण पलंगाखाली, हे भांडण. अशा वेळी मध्ये पुठ्ठा किंवा उशी सरकवून नजर तोडा, हात घालू नका. चावा किंवा ओरखडा बसलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रेबीजच्या लसीबद्दल विचारा.

ओरडून किंवा पाणी मारून मांजर एवढंच शिकतं, की ते दुसरं जवळ आलं की आपल्यावर संकट येतं.

खिडकीबाहेर परका बोका दिसला, तर त्याचा राग घरातल्या सोबत्यावर निघतो. भांडण कारणाशिवाय पेटलं असं वाटलं, तर आधी खिडकी बघा आणि काचेच्या खालच्या भागाला कागद लावा.

शू झालेल्या जागी फिनेल

फिनेलमध्ये असू शकणारं फिनॉल पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. पुसलेल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. अमोनियाच्या क्लीनरचा वास मुळातच लघवीसारखा असल्यामुळे मांजर पुन्हा तिथेच जातं. पाळीव प्राण्यांसाठीचा एन्झाइम क्लीनर वापरा.

स्वभाव म्हणून सोडून देणं

नसबंदी झाली नसेल तर बाकी उपाय फार पुरे पडत नाहीत. बोक्याची झाल्यावरही हार्मोन ओसरायला काही आठवडे लागतात. एकत्र वाढलेली भावंडंही दोन ते चार वर्षांची झाल्यावर एकमेकांना नकोशी होऊ शकतात. त्यात कुणाचा दोष नसतो. पण शांत मांजर अचानक चिडकं झालं तर आधी दुखणं शोधा: दात, सांधे, वयस्कर मांजरात थायरॉइड. आणि बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा कुंथतोय, लघवी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. ताणामुळे मूत्राशयाचा त्रास वाढतो, मार्ग बंद होऊ शकतो आणि मग एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

सगळं करूनही काही जोड्या जमत नाहीत. मग खोल्या वाटून द्या, किंवा एकासाठी दुसरं मांजर नसलेलं घर शोधा. रस्त्यावर सोडणं हा मार्ग नाही. प्राण्याला उपासमारीच्या तोंडी टाकून देणं प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे. घर मिळालं, की मांजरासोबत त्याचं न धुतलेलं अंथरूण आणि लसीकरणाचं कार्डही द्या.