जुना लॅपटॉप बघायला निघण्याआधी

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धावपळ संपली की आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातली पोरं एकेक करून दारात येतात. "अक्का, सेकंडहँड लॅपटॉप घ्यायचाय, काय बघू?" प्रोसेसर कुठला, रॅम किती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ असतं. पण मशीन हातात देऊन "ही खाच कशाची?" असं विचारलं की गप्प होतात, आणि मला काळजी तिथंच वाटते. बऱ्याच मशीनमध्ये रॅम वाढवता येते, एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची डिस्क, बदलता येते. कडेला जो पोर्ट, म्हणजे केबल लावायची खाच, नाही तो मात्र नंतर बसवता येत नाही. आणि जो आहे तो नुसता दिसतोय की चालतोय, हे त्यात काहीतरी लावून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून बघायला जायची तयारी आदल्या रात्रीच करा.

एक कापडी पिशवी घ्या. त्यात पहिला पेनड्राइव्ह, तोही यूएसबी ३.० चा, म्हणजे २.० पेक्षा वेगवान, त्यावर एक-दोन जीबीचा व्हिडिओ आधीच भरून ठेवा. मग एचडीएमआय केबल, घरातल्या सेटटॉप बॉक्सची एका दिवसापुरती काढली तरी चालेल. माइक असलेले वायरचे इअरफोन. एखादा जुना मऊ टूथब्रश आणि सुती फडकं. एखाद्या मित्राचा लॅपटॉप टाईप सीवर चार्ज होत असेल तर त्याचा चार्जर केबलसकट मागून आणा, मोबाइलचा चार्जर या कामाला पुरत नाही. टॉर्च मोबाइलमध्ये आहेच. लॅनची, म्हणजे वायरच्या इंटरनेटची, केबल मिळाली तर घ्या, नाही मिळाली तर दुकानात असते.

आणि एक वही. विकणाऱ्याला फोन करून पूर्ण मॉडेल नंबर विचारा, कंपनीच्या साइटवर तो नंबर टाकून पोर्टची यादी वहीत उतरवून घ्या. पूर्ण नंबर म्हणतेय, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपचे चार-पाच प्रकार निघतात आणि त्यांचे पोर्ट सारखे असतीलच असं नाही. पुढच्या पानावर मोठा चौकोन काढा. त्याच्या चार बाजू म्हणजे मशीनच्या चार कडा. दुकानात जे सापडेल ते ज्या कडेला सापडेल तिथं लिहायचं.

माझा पहिला जुना लॅपटॉप मी अशी वही न नेता आणला होता. कडेला टाईप सीचं भोक दिसत होतं. विकणारा म्हणाला, यावर चार्जिंगपण होतं, टीव्हीपण लागतो. मूळचा गोल पिनेचा चार्जर त्याच्याकडं नव्हता आणि मी त्याच्या शब्दावर पैसे देऊन मोकळी झाले. घरी आणून सी चार्जर लावला तर मशीनचा दिवासुद्धा लागला नाही. त्या भोकातून फक्त डेटा जात होता. बॅटरी संपली तसं मशीन बंद पडलं, आणि योग्य चार्जर मिळेपर्यंत ते कपाटातच राहिलं. तेव्हापासून कुणालाही शिकवताना टाईप सीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, इथंही तेच करणार आहे.

टाईप सी हे आकाराचं नाव आहे. हा आकार २०१४ साली ठरला. आत २४ टोकं वरखाली सारख्याच दोन ओळींत असतात, म्हणून पिन वरखाली कशीही घातली तरी बसते. पण त्या आकाराच्या मागं कंपनीनं काय काय जोडलंय, हे मशीनगणिक बदलतं. कुठं फक्त डेटा, कुठं डेटा आणि चार्जिंग, कुठं त्यातून टीव्हीचं चित्रही निघतं. भोकाशेजारच्या बारीक खुणा टॉर्च मारून बघा. त्रिशूळासारखी खूण किंवा एसएस म्हणजे डेटा. इंग्रजी डी आणि पी एकमेकांत गुंफल्यासारखी खूण असेल तर त्यातून चित्र जातं. बाणाचं टोक असलेली वीज म्हणजे थंडरबोल्ट, याच आकारातला जास्त वेगाचा पोर्ट. थंडरबोल्ट ३ आणि ४ मध्ये सेकंदाला ४० गिगाबिटपर्यंत वेग असतो आणि चित्रही निघतं. पिन किंवा बॅटरीची खूण चार्जिंगकडं बोट दाखवते. अडचण अशी की कित्येक मशीनवर यातली एकही खूण छापलेली नसते. मग कंपनीची यादी आणि पिशवीतला चार्जर हेच खरं.

मोबाइलचा चार्जर का पुरत नाही? सी चार्जर लावला की तो आणि मशीन आधी आपसात ठरवतात, किती व्होल्ट द्यायचे. बहुतेक लॅपटॉपला २० व्होल्ट लागतात. मोबाइलचे बरेच चार्जर ९ किंवा १२ व्होल्टच्या वर जात नाहीत. त्यामुळं पोर्ट चांगला असूनही लॅपटॉप दाद देत नाही, आणि आपण तो खराब समजतो. ४५ किंवा ६५ वॅटचा, पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेला चार्जर लावला तर निकाल खरा मिळतो. केबलही बघा. साधी सी केबल ६० वॅटपर्यंतच वीज नेते, त्याहून जास्तीसाठी आत चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. मोबाइलबरोबर आलेल्या केबलमधून टीव्हीचं चित्र तर सहसा जातच नाही. चार्जिंगचा दिवा लागला की पिन हलक्या हातानं डावी-उजवीकडं हलवून बघा. दिवा लुकलुकला तर पोर्ट लूज आहे. हा पोर्ट बऱ्याचदा मुख्य बोर्डावरच डाग दिलेला असतो, म्हणजे दुरुस्ती खर्चाची.

चार्जिंगचं भोक गोल असेल तर अडॅप्टरच्या पिनेत टॉर्च मारून मधोमध बघा. डेल आणि एचपीच्या बऱ्याच अडॅप्टरच्या गोल पिनेत मध्ये केसासारखी बारीक सुई असते. आपला अडॅप्टर किती वॅटचा आहे, हे त्या वाटेनं मशीनला कळतं. सुई वाकली-तुटली तर मशीन चार्जरवर चालतं पण बॅटरी भरत नाही. "बॅटरी बदला, होईल" असं कुणी म्हणालं तर आधी ही सुई बघा. लेनोव्होच्या काही वर्षांतल्या मशीनचं चार्जिंगचं भोक चक्क चौकोनी आहे, थेट यूएसबीसारखं दिसतं. त्यात पेनड्राइव्ह दाबू नका. अडॅप्टरवरचं लेबल वाचून वहीत लिहा. आउटपुटपुढं १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असेल तर दोन्हींचा गुणाकार साधारण ६५ वॅट होतो. मशीनला लागणाऱ्या वॅटपेक्षा अडॅप्टर कमी वॅटचा असेल तर चार्जिंग रडतखडत होतं किंवा होतच नाही. व्होल्ट मात्र मशीनच्या पोटावरच्या लेबलशी जुळलेच पाहिजेत.

चपट्या, रुंद यूएसबीला टाईप ए म्हणतात, यूएसबी १९९६ पासून आहे आणि हा आकार तेव्हापासूनचा. आतली जीभ निळी असली की ३.०, काळी किंवा पांढरी असली की २.०, असं पोरं धरून चालतात. पण निळा रंग सक्तीचा नाही, काळ्या जिभेचा ३.० सर्रास सापडतो. खात्री हवी तर टॉर्चनं आतली सोनेरी टोकं मोजा. २.० मध्ये चार असतात, ३.० मध्ये त्याशिवाय आणखी पाच. आणि मग पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ मशीनवर उतरवा. सेकंदाला ३०-४० एमबीच्या पुढं वेग गेलाच नाही तर पोर्ट २.० चा आहे किंवा तुमचा पेनड्राइव्हच हळू आहे. म्हणून तोच पेनड्राइव्ह प्रत्येक पोर्टला लावायचा, एकही सोडायचा नाही. फाइल उतरत असताना पेनड्राइव्ह किंचित हलवा. "टुंग" आवाज होऊन तुटला तर तो पोर्ट वहीत फुलीनं दाखवा. ए पोर्टशेजारी नुसती वीज छापलेली दिसली तर ते थंडरबोल्ट नव्हे. मशीन झोपलेलं असतानाही त्यातून मोबाइल चार्ज होतो, एवढंच ती सांगते.

पडद्याच्या पोर्टकडं या. एचडीएमआयचं भोक खालच्या दोन कोपऱ्यांत आत दबलेलं असतं, आत १९ टोकं. त्यातून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. डिस्प्लेपोर्ट त्याच्यासारखाच दिसतो, पण त्याचा एकच कोपरा कापलेला असतो. निळं, १५ भोकांचं, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं ते व्हीजीए, १९८७ पासूनचं. त्यातून फक्त चित्र जातं. नव्या मशीनमध्ये ते नसतं, पण सेमिनारच्या दिवशी जुन्या हॉलमधला प्रोजेक्टर नेमकी हीच पिन पुढं करतो. तेव्हा एचडीएमआयवरून व्हीजीएकडं जाणारा कन्व्हर्टर लागतो. उलट्या दिशेचा घेऊन आलेली तीन पोरं माझ्या ओळखीची आहेत, आणि तो इथं काही कामाचा नाही. घेताना "लॅपटॉपला एचडीएमआय, प्रोजेक्टरला व्हीजीए" असं स्पष्ट सांगा. आणखी एक गैरसमज खूप दिसतो. लॅपटॉपची एचडीएमआय चित्र बाहेर पाठवते, आत घेत नाही. सेटटॉप बॉक्स लावून लॅपटॉपवर टीव्ही बघता येईल या आशेनं मशीन घेऊ नका. दुकानात टीव्ही किंवा मॉनिटर असतोच, केबल लावून चित्र येतंय की नाही ते तिथंच बघा.

लॅनचा पोर्ट चौकोनी, आत आठ सोनेरी टोकं. पातळ मशीनमध्ये त्याला खालून उघडणारा जबडा असतो आणि तो तुटलेला बऱ्याचदा सापडतो. केबल घातल्यावर "टक्" आवाज आला पाहिजे. इअरफोनचं ३.५ मिलिमीटरचं भोक बोलूनच तपासा. पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर माइकही त्याच पिनेत आहे. जुन्या मशीनमध्ये हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं असतात, गुलाबी माइकचं.

आता पोर्ट नसलेल्या, पण पोर्टासारख्या दिसणाऱ्या जागा. साधारण ७ बाय ३ मिलिमीटरची धातूची आडवी खाच कुलूप लावायची असते, तिच्यात काही घालायचं नाही. एसडी कार्डच्या फटीत बऱ्याचदा प्लास्टिकचं खोटं कार्ड असतं, ते काढून बघा. मोबाइलचं छोटं कार्ड तिच्यात नुसतं सरकवलं तर अडकून बसतं. कॅमेऱ्याशेजारची बारीक छिद्रं माइकची असतात, धूळ काढायला त्यात टाचणी घालू नका. डीव्हीडीच्या दारावरचं छिद्र मात्र टाचणीसाठीच असतं, अडकलेला ट्रे त्यानं उघडतो. कॅमेरा काळा दिसला तर आधी त्याच्यावरचं सरकतं झाकण बघा, नुसतं झाकण लावलेलं असतं आणि पोरं कॅमेरा गेला म्हणून मशीन परत करतात.

हवेच्या जाळ्या बघायला आपल्याकडं जास्त वेळ द्यावा लागतो. पोटाखालच्या जाळीतून हवा आत जाते, कडेच्या किंवा बिजागरीपाशी असलेल्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते. चादरी-टॉवेलच्या या गावात कित्येक घरांत खालच्या मजल्यावर माग आणि वरच्या मजल्यावर अभ्यास अशी मांडणी असते. सुताचे बारीक तंतू हवेत तरंगतात आणि पंख्यानं ओढले की आत गादीसारखे साचतात. अनेक कंपन्या भोवतालची हवा ३५ अंशांपर्यंतच असावी असं सांगतात, आणि इथं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं जातो. म्हणून टॉर्चनं जाळीच्या आत बघा, पांढरा थर दिसला तर वरवरचा ब्रशनं झाडा, उरलेला उघडूनच साफ करावा लागेल हे भावात धरा. मशीनवर दहा मिनिटं व्हिडिओ चालवा आणि बाहेरच्या जाळीपाशी तळहात धरा. गरम वारा लागला पाहिजे. मशीन तापलंय आणि वारा लागत नाही, असं असेल तर पंखा अडलेला आहे. घरी आणल्यावरही पलंगावर, चादरीवर ठेवून चालवू नका. खालची जाळी तिथंच बंद होते.

मशीन उलटं करा. रबरी पाय किती, स्क्रू किती, एखादा वेगळ्या डोक्याचा आहे का, म्हणजे ते आधी उघडलेलं आहे. मग सुलटं करून काउंटरच्या काचेवर ठेवा आणि कोपरे एकेक करून हलकेच दाबा. सगळे पाय असूनही डुगडुगत असेल, टचपॅड वर आलेलं असेल किंवा त्याची क्लिक बसत नसेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. अशी बॅटरी दाबून सपाट करायला जाऊ नका, चार्जरही लावू नका, मशीन तिथंच ठेवा. झाकण हळूहळू पूर्ण उघडा. बिजागरीतून करकर आवाज आला किंवा कोपऱ्याचं प्लास्टिक फाकलं तर तेही वहीत लिहा.

शेवटी पोटावरच्या लेबलावरचा सिरियल नंबर आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पानावर, दिसणारा सिरियल नंबर जुळवा. वहीतला चौकोन आणि कंपनीची यादी शेजारी धरा. जो पोर्ट यादीत आहे पण मशीनवर चालत नाही, तो विकणाऱ्याला दाखवून भाव पुन्हा बोला. बिलावर सिरियल नंबर, अडॅप्टरचे वॅट आणि बंद असलेले पोर्ट लिहून घ्या, सही घ्या. पिशवीत आपला पेनड्राइव्ह, एचडीएमआय केबल आणि मित्राचा चार्जर परत आला का बघा. चार्जर त्याच संध्याकाळी देऊन टाका, त्यालाही अभ्यास आहे.