पन्नाशीनंतर जळगाव एमआयडीसीत काम शोधताना

बायोडाटात तीस वर्षांची जंत्री नको, शेवटची दहा-बारा पुरेत. ‘प्रॉडक्शनचा दांडगा अनुभव’ असं मोघम लिहिलं की कागद बाजूला पडतो. पाइप एक्स्ट्रूजनवर (प्लास्टिक वितळवून पाइप काढायच्या मशीनवर) होतात? मग कोणत्या व्यासाचा पाइप, डाय (साचा) बदलायला किती वेळ, स्क्रॅप किती टक्क्यांवरून कितीवर आणला, ते लिहा. डाळ मिलवाल्यांनी शंभर किलो तुरीमागे डाळीचा उतारा, म्हणजे किती किलो डाळ निघते, ते लिहावं. मालकाला तो आकडा लगेच कळतो. ‘हे पगार जास्त मागतील’ ही भीती असतेच, म्हणून आपला किमान आकडा फोनवरच सांगा.

एक नोकरी सुटून दुसरी मिळेपर्यंतच्या काळात पीएफमधले पेन्शनचे पैसे काढू नका, अगदी कळकळीचं सांगणं आहे. पेन्शनला 10 वर्षांची नोकरी लागते, आणि पैसे काढले की ती वर्षं धरत नाहीत. जुनी पीएफ खाती यूएएनला, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबराला जोडा. नाव आधारशी जुळतं का बघा, अनेकांचं तिथेच अडतं.